चुकून दाखवा

सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला आमचे गायकवाड साहेब आधी चहा पाजायचे, त्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "छान. आता चुकून दाखवा."

मानपाड्याला आमचा रंगांचा कारखाना. मी अकाउंट्सला, साहेब स्टोअरचे मॅनेजर. लिफ्टमध्ये शिरले की मुद्दाम चुकीचं बटण दाबणारा माणूस. "परत आणते की नाही, कळायला हवं ना." जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं आणि निवड त्यांच्याच गळ्यात पडली.

एक टायवाला म्हणाला, "सर, आमच्यात चूक होऊच शकत नाही."

"मग हे माणसांसाठी नाही," असं म्हणत साहेबांनी कीबोर्ड ओढला आणि मालाच्या नावात 'लिंबाचं लोणचं' टाइप केलं. सॉफ्टवेअरने लोणचं मुकाट्याने जमा करून घेतलं. काढायला मात्र कंपनीला पत्र लिहावं लागणार होतं.

मालकांना नेमकं तेच आवडलेलं. त्यात रंगीत आलेख होते. "गायकवाड, सही करा, विषय संपवा."

"चूक खोडता येत नाही तिथे माझी सही नाही. दुसऱ्याची घ्या."

मालकांनी आवाज चढवला. साहेबांनी चढवला नाही, पण पेनही उचललं नाही. शेवटी साहेबांच्याच पसंतीचं सॉफ्टवेअर आलं. दिसायला अगदी साधं, पण ज्याची चूक त्याला तिथल्या तिथे खोडता येणारं.

त्या रविवारी मला म्हणाले, "ठाकुर्लीला येतोस? रंजनाताईंकडे जायचंय."

रंजनाताई आमच्या स्टोअरमध्ये होत्या. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एकदा ड्रमच्या जागी किलो लिहिले. ती चूक त्यांच्या नावासकट, लाल अक्षरांत, सगळ्यांच्या स्क्रीनवर दिवसभर राहिली. पुसायचा अधिकार साहेबांनाही नव्हता. लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून ताई आल्याच नाहीत.

साहेबांनी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला. "ताई, काहीतरी चुकीचं लिहा."

"मला नाही जमणार, साहेब."

"चुकायला जमत नाही असं कोणी असतं का?"

ताईंनी भीतभीत एक आकडा टाकला. खोडला. पुन्हा टाकला, पुन्हा खोडला. मग किंचित हसल्या.

"तुमच्या जागेवर अजून कोणाला बसवलेलं नाही," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"उद्या किती वाजता येऊ?"

एरवी कोणापुढेही न अडणारे साहेब उगाच लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले. शेवटी मीच म्हणालो, "नेहमीच्या वेळी या, ताई."