किसननाना आणि सात राजहंस

आमचे किसननाना पाखरांना शिव्या घालत. माणसांना तर घालतच, पण त्याचं गावात कुणाला नवल उरलं नव्हतं. होळीच्या सुमाराला श्रीगोंद्याकडच्या आमच्या तळ्याच्या बांधावर उभं राहून ते बदकांवर ओरडत, "पानी आटत चाललंय आन् तुमी बसा इथंच! घरला जायचं न्हाई का?"

नाना पाटबंधारे खात्यात होते. तळ्यातली पट्टी वाचून पाण्याची पातळी वहीत मांडायची, एवढंच काम. पण शेऱ्याच्या रकान्यात ते पाखरं लिहीत. 'करकोचे आले. लबाड आहेत.' साहेबांनी जाब विचारला, तर नाना त्यांच्यावरच उखडले. "पानी मोजायचं, मंग पान्यावरचं काय सोडायचं? अक्कल हाय का?"

बाहत्तर सालच्या होळीनंतर एकदा त्यांनी मला पहाटेच ओढत नेलं. मी शाळामास्तर, आणि माझ्याकडे पाखरांचं एक चित्रांचं पुस्तक, एवढीच माझी लायकी. पाखरं बुजतील असा पांढरा सदरा घातला म्हणून वाटभर बोलणी खाल्ली. चिखलात पालथं पडून पाहिलं, तर राखी अंगाची सात पाखरं. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. आमच्याकडे कधी न दिसलेली.

"राजहंस!" मी पुस्तक चाळून म्हणालो. "आता हिमालय ओलांडून जाणार, नाना."

नानांचा आवाज एकदम खाली आला. "लडाखवरनं?"

"तिकडूनच."

"मास्तर, कुनाला बोलू नगा. चार दिस खाऊन, दम खाऊन निघू द्या."

मी बोललो. शाळेत, तेही फळ्यावर चित्र काढून. राजहंस म्हणजे सरस्वतीचं वाहन! दुपारी अर्धं गाव हळदकुंकू, उदबत्त्या घेऊन तळ्यावर हजर. हेडमास्तरांनी बांधावरच्या दगडावर नारळ फोडला आणि त्या आवाजासरशी सातही पाखरं उडाली.

नाना पायताण हातात घेऊनच धावले. "देवाला पुजता का हाकलता?" बायका पळाल्या, आरतीचं ताट चिखलात गेलं. मग माझी पाळी. "तुमच्यापरीस फळा बरा! पुसला की गप बसतो!"

चारचौघांत हा पाणउतारा! माझंही डोकं फिरलं. "या तोंडापायीच पोरगा टिकला नाही तुमच्याजवळ!" मी ओरडलो.

नाना पायताण टाकून बांधावर बसले. बापाच्या बोलण्याला कंटाळून त्यांचा दत्तू फौजेत गेला, हे गावाला ठाऊक होतं. तो लडाखला आहे, म्हणूनच नानांनी पहाटे लडाखचं विचारलं, हे मला त्या क्षणी कळलं. स्वतःच्या जिभेची लाज वाटली. लोक पांगले, मी तिथंच बसून राहिलो. नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

दिवस कलताना पाखरं परत उतरली. नानांनी बोटांवर मोजली. "साती हायती," एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी ते शाळेत आले आणि कोरं आंतरदेशीय पत्र माझ्यापुढं ठेवलं.

"दत्तूला लिवा. सात राजहंस निघाल्यात म्हनावं. तिकडं येतील. वर बघत जा."

मी लिहिलं. "पण नाना, तुम्हाला तर लिहिता येतं."

"येतं की. चार कागदं फाडली." ते खिडकीबाहेर बघू लागले. "मी लिवाया बसलो की शिव्याच येत्यात, मास्तर. म्होरचं बरं काय ते तुमीच घाला."