पाण खोडा, मांजर ठेवा

एका जंगलात, बाळांनो, सगळं बरं चाललं होतं. आणि सगळं बरं चाललं असलं की प्राण्यांना याहून बऱ्या जंगलाची स्वप्नं पडू लागतात.

त्या जंगलात नदीकाठी पाणमांजरांचं एक कुटुंब राहायचं. वडील डोहाजी, आई लव्हाळी आणि त्यांची मुलगी चुबुक. पाणमांजर माहीत आहे ना? अंगाने लांबुळकं, शेपटीने जाड, आणि पाण्यात असं वळतं की पाण्यालाच वाटावं, आपण वळलो. चुबुक चालायच्या आधी पोहायला शिकली. शिकली असंही नाही. एके दिवशी ती पाण्यात पडली आणि बाहेर यायचं नावच घेईना.

डोहाजीला वरच्या जंगलात नोकरी लागली. पाणीपुरवठा खात्यात. तिथला झरा पालापाचोळ्याने तुंबायचा. कुणीतरी बुडी मारून तो मोकळा करावा लागायचा, आणि वरच्या जंगलात बुडी मारणारं कुणी उरलं नव्हतं. का उरलं नव्हतं, ते कळेलच.

डोहाजीने घरी येऊन बातमी सांगितली. लव्हाळीने एकच प्रश्न विचारला.

"शाळा कोणती?"

वरच्या जंगलात माहेर असलेली एक साळुंकी शेजारच्या जांभळावर राहायची. लव्हाळी तिच्याकडे गेली.

"मनीमॅडमची शाळा," साळुंकी म्हणाली. "दुसरी आहे कुठे?"

"तिथे नदीकाठी कासवगुरुजींची आहे म्हणतात ना, ताई?"

"आहे. पण तिथे कुणालाही घेतात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? खेकड्याची पोरं, म्हशीचं रेडकू, बगळ्याची ती चिखलात लोळलेली पिल्लं. गेलं की बसवून घेतात. मनीमॅडमच्या दारात तीनशे मुलं उभी असतात, तीनशे!"

"आणि आत काय शिकवतात?"

साळुंकीने तिच्याकडे दयेने पाहिलं. "लव्हाळी, तीनशे मुलं बाहेर उभी असतात."

लव्हाळीला पटलं. हसू नका. तुमच्या आईबाबांनाही असंच पटलं होतं, म्हणून तर तुम्ही सकाळी साडेसहाला बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपता.

मनीमॅडमच्या शाळेचा एक नियम होता. कोरड्या माळावर राहणाऱ्यांच्याच मुलांचा अर्ज घ्यायचा. म्हणजे आधी घर, मग शाळा. वरच्या जंगलात घरं दाखवायचं काम घोरपडभाऊंकडे होतं. घोरपडभाऊ एकदा चिकटले की करारावर पंजा उमटेपर्यंत सुटत नसत.

त्यांनी पहिलं घर दाखवलं ते नदीकाठचं. करंजाच्या मुळाखाली बीळ, आत वाळूची मऊ जमीन, आणि मागचं दार थेट पाण्यात उघडणारं. चुबुक त्या दारातून गेली ती गेलीच. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावरून तिचा आवाज आला, "आई, हे आपलं घर झालं!"

डोहाजीच्या मिशांचे केस आनंदाने थरथरले. "झऱ्यापासून किती लांब?"

"शेपटीच्या अंतरावर," घोरपडभाऊ म्हणाले. "घर झकास आहे, डोहाजीराव. फक्त पत्त्यात नदी येते."

"मग?"

"पत्त्यात नदी आली की मनीमॅडम अर्ज उघडत नाहीत."

लव्हाळीने त्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "माळावरचं दाखवा."

माळावर मांजरांची वसाहत होती. नाव 'कोरडेश्वर हाइट्स'. फाटकावर पाटी होती: ओल्या अंगाने आत येऊ नये. आत एक खडकातली खोली रिकामी होती. खिडकीतून दुसऱ्या खडकाची खिडकी दिसायची.

"अर्ज भरू," घोरपडभाऊ म्हणाले. "जात?"

"पाणमांजर."

घोरपडभाऊंनी जीभ बाहेर काढून आत घेतली. "वहिनी, 'पाण' खोडू. काय उरतं?"

"मांजर."

"मग यात खोटं काय लिहिलं?"

डोहाजी काही बोलणार होता. लव्हाळीने त्याच्या शेपटीवर पाय ठेवला.

वसाहतीचे अध्यक्ष होते बोकोबा. ते सगळ्या नव्या भाडेकरूंशी गप्पा मारायचे. गप्पाच हो, मुलाखत नाही.

"आमचं कुणाशी वैर नाही," बोकोबा म्हणाले. "ओले प्राणीसुद्धा आपलेच. त्यांनी त्यांच्या जागी सुखात राहावं. जिन्यात ओलं होतं एवढंच. मासे खाता का?"

"मांजरं नाही का खात?" डोहाजीने विचारलं.

"मांजरं खातात. पण पकडत नाहीत." बोकोबांनी त्याला न्याहाळलं. "तुमची शेपटी जरा जाड वाटते."

"खानदानी आहे," घोरपडभाऊ झटकन म्हणाले.

"मग ठीक," बोकोबा म्हणाले. त्यांचीही जरा जाडच होती.

घर झालं. आता शाळेची मुलाखत. मनीमॅडम मुलांसमोर पाण्याची वाटी ठेवतात, हे साऱ्या वसाहतीला ठाऊक होतं. मूल पाण्याला जितकं दचकेल, तितकं ते सुसंस्कृत. लव्हाळी आठवडाभर चुबुककडून तयारी करून घेत होती.

"पाणी दिसलं की मागे सरायचं, पाठीची कमान करायची आणि किंचाळायचं."

"का? ते काय करतं?"

"काही करत नाही. पण भ्यायचं."

"किती दिवस?"

"प्रवेश मिळेपर्यंत."

मुलाखतीच्या दिवशी वाटी समोर आली. चुबुकचा डावा पाय आपोआप पाण्याकडे गेला. लव्हाळी खोकली. चुबुकने पाय मागे घेतला, पाठीची कमान केली आणि अशी किंचाळली की रांगेत मागे उभी असलेली खरी मांजराची पिल्लं पाण्याला पहिल्यांदाच भ्यायली.

"किती शुद्ध शहारा!" मनीमॅडम म्हणाल्या. "घरचे संस्कार दिसतात."

चुबुकला प्रवेश मिळाला. लव्हाळीने वसाहतीत पेढे वाटले.

यानंतर डोहाजीचा दिनक्रम ठरून गेला. सकाळी झऱ्यात बुडी. पाला काढायचा. मग फाटकाबाहेरच्या धुळीत लोळायचं, अंग पार कोरडं होईपर्यंत. मग घरी. कुणाला दिसू नये म्हणून झऱ्यावर लपतछपत जावं लागे, त्यामुळे कधी पाणी उशिरा सुटे. बोकोबा जिन्यात भेटले की म्हणत, "तो पाणीवाला कोण आहे कुणास ठाऊक! ही खालची मंडळी आळशीच."

"हो ना," डोहाजी म्हणे.

एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. चुबुक मन लावून शिकत होती. शहारा या विषयात ती पहिली आली. चिखल टाळणे, पहिली. थेंब ओळखून दूर होणे, यात तिचा विक्रम झाला. बक्षीस समारंभात लव्हाळी रडली. डोहाजीनेही टाळ्या वाजवल्या. पाणमांजराच्या बोटांमध्ये पडदा असतो, बाळांनो, त्याच्या टाळ्या फार मोठ्या वाजतात. तो बेताने वाजवत होता.

एका सुट्टीच्या दिवशी डोहाजी म्हणाला, "आज तिला नदीवर नेऊ. लांबच्या वळणावर. तिथे वसाहतीतलं कुणी येत नाही."

लव्हाळीलाही मनातून तेच हवं होतं. दोघं चुबुकला घेऊन निघाले. पाणी दिसताच डोहाजीने उडी मारली. लव्हाळीने मारली. दोघं पाण्यात उलटेपालटे झाले, एकमेकांच्या शेपट्या ओढल्या, लग्न झालं तेव्हाच्यासारखे हसले. मग वर पाहिलं.

चुबुक काठावर एका दगडाला मिठी मारून बसली होती.

"ये ना गं!" लव्हाळी म्हणाली. "पुरे आता ते. इथे कुणी बघत नाहीये."

चुबुक आली नाही. डोहाजी बाहेर येऊन तिच्याजवळ गेला. ती आणखी मागे सरली.

"बाबा, लांब राहा. तुझ्या अंगाला वास येतोय."

"कसला वास?"

"खालच्यांचा."

डोहाजीने तिला उचलून पाण्यात ठेवायचा प्रयत्न केला. ती किंचाळली. मुलाखतीतली ती किंचाळी नव्हे. तीत तालीम नव्हती. तिचे पाय ताठ झाले होते आणि ती बुडत होती, बाळांनो, गुडघाभर पाण्यात, पाणमांजराची मुलगी. लव्हाळीने तिला खेचून काठावर आणलं.

समोरच्या काठावर कासवगुरुजींची शाळा भरली होती. म्हशीच्या रेडकावर खेकड्याची पोरं बसली होती आणि सगळे मिळून नदी कुठून येते ते पाहायला वर निघाले होते. गुरुजी हे सगळं बघत होते. ते सावकाश पोहत आले.

"महिनाभर माझ्याकडे पाठवा," ते म्हणाले. "तिच्या अंगात आहे ते. अजून गेलेलं नाही. पण फार दिवस राहणारही नाही."

लव्हाळीने चुबुककडे पाहिलं. ती अजून कापत होती. मग तिने गुरुजींकडे पाहिलं, त्यांच्या पाठीवरच्या शेवाळाकडे पाहिलं.

"तुमच्याकडे वेटिंग लिस्ट आहे का?" तिने विचारलं.

"नाही बुवा. आजही येऊ शकते."

"आजही?" लव्हाळीचा चेहरा पडला.

"लव्हाळी," डोहाजी हळूच म्हणाला, "महिन्याचाच प्रश्न आहे."

"आणि कुणी पाहिलं तर? नाव काढून टाकतील तिचं. दारात तीनशे मुलं उभी आहेत, डोहाजी."

गोष्टीत एवढंच घडायचं राहिलं होतं, डोहाजीने बोलायचं. पण तो खाली वाकला आणि धुळीत लोळू लागला. फाटक बंद व्हायची वेळ होत आली होती.

पुढच्याच महिन्यात मनीमॅडमनी पालकसभा घेतली. शाळेत एक नवा विषय येणार होता. सर्वांगीण विकासासाठी. तो शिकवायला दूरच्या जंगलातून एक तज्ज्ञ बोलावला होता. तो उंट होता. वर्ग जाजमावर पोटावर झोपून घ्यायचे होते. पाण्याचा वापर शेवटच्या वर्षी, पालकांच्या लेखी संमतीने. विषयाचं नाव होतं पोहणे.

सभा संपायच्या आत फाटकापर्यंत रांग गेली. सगळ्यांत पुढे लव्हाळी होती. तिने बोकोबांनाही ढकललं. नाव लागलं तेव्हा ती धापा टाकत घरी आली आणि तिने चुबुकला घट्ट जवळ घेतलं.

"झालं तुझं नशीब! पोहायला शिकणार तू."

"आई," चुबुकने विचारलं, "पोहणं खूप अवघड असतं का गं?"

"असणारच. उंट शिकवायला बोलावलाय म्हणजे काय."

"तुला येतं?"

खोलीत डोहाजी होता. त्याने लव्हाळीकडे पाहिलं. खिडकीत समोरच्या खिडकीतलं मांजर कान टवकारून बसलं होतं.

"नाही गं," लव्हाळी म्हणाली. "आपल्यात कुणालाच येत नाही."

तात्पर्य : मुलांची शाळा निवडताना घाई करू नये. मूल जन्मतःच जे घेऊन आलं आहे, ते सगळं पुसून टाकणारी शाळा आधी शोधावी. पाटी कोरी झाली की मग शिकवायला भरपूर जागा होते, आणि निकालही शंभर टक्के लागतो.