राळूबाईच्या घरातल्या पाच प्रजाती

एका जंगलात एक सिंह होता. पण मुलांनो, आज आपल्याला त्याच्याशी फारसे कर्तव्य नाही. आपली गोष्ट आहे राळूबाईची. ती उंबराच्या एका पानामागे राहायची आणि राळ्याच्या दाण्याहूनही लहान होती. ढेकणांच्या लांबच्या नात्यातली, पण चावरी नव्हे हो. सुईसारखी सोंड पानात खुपसायची, घोटभर रस प्यायचा आणि घरच्यांवर डाफरायचे, एवढाच तिचा दिनक्रम.

घरचे म्हणजे नवरा राजगिरे आणि मुलगा खश्या. राजगिऱ्यांना जाळीदार पंख होते. राळूबाईला पंख नव्हते. त्यांच्यात बायकांना नसतातच. खश्या अजून वाढीचा, लालबुंद आणि गोलमटोल. तिघे दिवसभर कुठेही भटकोत, जेवायला एकाच शिरेवर बसत. राळूबाईला त्यापलीकडे काही नको होते.

सिंहमहाराजांना मात्र हवे होते. शेजारच्या जंगलात म्हणे किड्यांच्या नव्या प्रजाती सापडल्या होत्या, आणि तिथला वाघ येता-जाता ते ऐकवायचा. महाराजांनी लगेच संशोधन खाते काढले आणि डॉक्टर घोयरा सरडा यांना प्रमुख नेमले.

डॉक्टर मोठे अभ्यासू. त्यांचा डावा डोळा एकीकडे फिरे, उजवा दुसरीकडे. त्यामुळे ते एकाच वेळी दोन गोष्टी पाहू शकत. फक्त त्या दोन्हींचा एकमेकींशी काय संबंध, ते त्यांना कधी दिसत नसे. पाहून झालेले किडे ते गिळून टाकत. त्याला ते संदर्भसंग्रह म्हणत.

एके सकाळी डॉक्टर उंबरावर आले. डाव्या डोळ्याला राजगिरे दिसले. जाळीदार पंख, म्हणजे नवी प्रजाती. उजव्या डोळ्याला राळूबाई दिसली. पंखच नाहीत, म्हणजे दुसरी. मग खश्या दिसला. तांबडा, गोल आणि उद्धट, म्हणजे तिसरी. एकेकच नमुना होता म्हणून त्यांनी कुणाला गिळले नाही, हे राळूबाईचे नशीब.

महाराज हरखून गेले. त्यांनी त्याच दिवशी हुकूम काढला: प्रत्येक प्रजातीला स्वतंत्र झाड, राखणीला एक मुंगळा, आणि सरमिसळ सक्त मना. राजगिऱ्यांची रवानगी जांभळावर झाली, खश्याची करंजावर. राळूबाई उंबरावर एकटी उरली.

तिला रस गोड लागेना. पोर तिकडे करंजाचा कडू घोट कसा घेत असेल, या विचाराने तिचा जीव तुटायचा. शेवटी तिने दरबारात दाद मागितली. महाराजांनी तिघांनाही बोलावून घेतले.

राळूबाईने सरळ सांगितले की हे माझे मालक, हा माझा मुलगा आणि आम्हाला आमचे पान परत हवे.

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचे आणि यांचे काहीच जुळत नाही."

"कुठल्या नवराबायकोचे जुळते?" राळूबाई म्हणाली. "महाराजांना एवढी आयाळ आहे. राणीसाहेबांना कुठे आहे?"

डॉक्टरांचा डावा डोळा आयाळीवर थांबला, उजवा राणीसाहेबांवर. एक मोठा शोध त्यांच्या अगदी जिभेवर आला होता. पण त्यांनी तो गिळला. सवयच होती.

तेवढ्यात खश्या कण्हायला लागला. त्याची पाठ मधोमध उकलली. आधी डोके बाहेर आले, मग पाय आणि मागोमाग ओलेते, चुरगळलेले पंख. ते हळूहळू उलगडले. जाळीदार. हुबेहूब बापाचे.

राळूबाईला रडू फुटले. आता आंधळ्यालाही दिसेल, असे तिला वाटले. साऱ्या दरबाराच्या नजरा डॉक्टरांकडे वळल्या.

डॉक्टरांचा डावा डोळा खश्यावर गेला. "ओले पंख," ते म्हणाले. "चौथी प्रजाती."

मग उजवा डोळा जमिनीवर पडलेल्या रिकाम्या कातीवर गेला.

"पाचवी," डॉक्टर म्हणाले, आणि आनंदाने रंग बदलत राहिले.

महाराजांनी खश्याला पळसावर धाडले. पाचवी प्रजाती सर्वांत दुर्मीळ ठरली. ती हलत नव्हती, खात नव्हती, हूं की चूं करत नव्हती. म्हणजे फार भित्री असणार. म्हणून उंबराचे ते पान राळूबाईकडून काढून त्या कातीला दिले आणि तिथे कुणीही, अगदी राखणदारानेही, फिरकायचे नाही असे ठरले. राळूबाईला बोरीवर बसवले.

राळूबाई तिथे खूप रडली. मग रडता रडता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. साऱ्या जंगलात कुणीच फिरकत नाही असे एकच पान होते.

मुंगळ्यांना गोड थेंबांची चटक असते. राळूबाईने आपल्याजवळचा थेंबभर गोडवा बोरीवरच्या राखणदाराला चाटवला आणि चालत निघाली. त्याच राखणदाराने पोचवलेल्या तिच्या सांगाव्यावरून बापलेक आपापल्या मुंगळ्यांची नजर चुकवून उडत आले. पानाच्या वरच्या बाजूला कात बसली होती. मागच्या बाजूला तिघे जेवायला बसले, एकाच शिरेवर. राळूबाई पोटभर जेवली आणि दोघांवर पोटभर डाफरली.

वर्षअखेरीस डॉक्टरांनी लांबून पाहणी केली. कात जागच्या जागी होती आणि पानावर रस शोषल्याचे ताजे ठिपके होते. पाचवी प्रजाती आता चांगली खायला लागली, असे त्यांनी महाराजांना कळवले. त्यांना त्याबद्दल मानाची शाल मिळाली.

तात्पर्य: मुलांनो, विद्वानांना त्यांची चूक पटवत बसू नये. ती चूक आतून ऐसपैस असते. तिच्यामागे जागा धरावी आणि सुखाने संसार करावा.