मागच्या सीटचा ब्रेक

पेठला हस्तीमलशेठ यांच्या भांड्यांच्या दुकानासमोर कोणी मोटार थांबवली, तर शेठ आधी गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत. ते गल्ल्यावरून उठतात, पायरी उतरतात, गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि मागच्या चाकाच्या फटीतून आत डोकावतात. आत चकचकीत तबकडी, म्हणजे डिस्क ब्रेक दिसला, तर त्यांचा चेहरा उतरतो. जुन्या पद्धतीचा ड्रम दिसला, तर गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची मिळते आणि चहाही.

"मागं काय हाये?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पातेलं हवं की परात, हे नंतर.

शेठ जळके आहेत आणि ते लपवत नाहीत. दुसऱ्याचं काही चांगलं झालेलं कानावर आलं, की ते "असंल त्यांचं" म्हणतात आणि हातातलं भांडं उगाच पुसायला घेतात. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं. असंल त्यांचं. कोणाची मुलगी डॉक्टर झाली. असंल तिचं. मंचरच्या भांडेवाल्याने दुकानाला काचेचं दार बसवलं, त्या दिवशी पेठच्या दुकानातला सगळा माल लख्ख झाला.

त्यांची स्वतःची गाडी वडिलांच्या वेळची पांढरी अँबॅसिडर आहे. तिच्यावर त्यांचा फार जीव. पण चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेक दाबला की गाडी उंबऱ्याला ठेच लागल्यासारखी थांबायची. शेठना त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाने, सुभाषने, नवी मोटार घेतली. दोघं भाऊ सहकुटुंब जुन्नरला एका लग्नाला गेले. येताना शेठच्या गाडीत दुकानाचा माल भरलेला होता, म्हणून त्यांच्या पत्नी कमलाबाई दिराच्या गाडीत बसल्या. घरी उतरताना त्या सहज बोलून गेल्या, "भावजी, नारायणगाव कधी गेलं कळलंच न्हाई. लई गाढ झोप लागली."

शेठनी ते ऐकलं. मी शेजारीच राहतो. रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी मला विचारलं, "पत्रकार, आपल्या गाडीत ती कधी झोपल्याली तुमी बघितलीय?"

मी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही आळेफाट्याला रफिक मिस्त्रीच्या गॅरेजात.

"मागचे ड्रम काढ. डिस्क बसव," शेठ म्हणाले.

"शेठ, लोकं आधी पुढं बसवत्यात. गाडी थांबवायचं काम पुढची चाकं जास्त करत्यात."

"पुढं कोण बसतं?"

"तुमी."

"माझी काय तक्रार हाये का? मंडळी मागं बसती. ब्रेक मागं मऊ पायजे."

रफिकने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"नुसतं मागं बसवलं तर मागची चाकं आधी जाम व्हतील," रफिक शांतपणे म्हणाला. "घाटात गाडी गरकन फिरंल. मंडळी दरीत मऊ पडतील."

शेठ पुढेही डिस्क बसवायला कबूल झाले, पण सुरुवात मागून, या अटीवर. मग कळलं, की मागचा ड्रम गेला की हँडब्रेकही जातो. रफिकने शोधाशोध करून हँडब्रेकची सोय असलेले कॅलिपर, म्हणजे तबकडीला दोन्हीकडून धरणारे चिमटे, आणले. ते सुभाषच्या गाडीच्याच मॉडेलचे निघाले.

"त्याचा चिमटा माझ्या गाडीला नगं."

दुसरे मिळेपर्यंत गाडी गॅरेजात राहिली आणि शेठ रोज एसटीने आळेफाट्याला जाऊन तिच्यापाशी बसू लागले. एकदा रफिक दुसऱ्या कोणाच्या जीपबद्दल "इंजिन लई गोड हाये" असं म्हणाला. शेठ खुर्ची उचलून निघाले. "मग तिचंच काम कर."

रफिकने त्यांना हाताला धरून परत बसवलं.

काम झालं, तेव्हा शेठनी परीक्षेला तळेघरचा घाट निवडला. कारण सांगितलं तांदूळ आणायचं. कमलाबाई नेहमीसारख्या मागे बसल्या, मी पुढे. जाताना, चढावर, त्या रस्त्याकडेच्या भातखाचरांबद्दल बोलत होत्या. तांदळाचं पोतं घेऊन आम्ही परत फिरलो आणि उतार सुरू झाला.

पहिल्या वळणावर शेठनी ब्रेक दाबला. गाडी हिसका न देता मंदावली. दुसऱ्या वळणानंतर त्यांनी आरशात बघितलं. कमलाबाईंची मान पोत्यावर कलली होती. डोळे मिटलेले.

"जमलं, शेठ," मी हळू आवाजात म्हणालो. "झोपल्या."

"जागी हाये," शेठ माझ्याहून हळू म्हणाले. "झोपली की घोरती ती."

मी मागे वळून बघितलं. चेहरा अगदी शांत होता. डाव्या हाताने दाराची कडी मात्र इतकी घट्ट धरली होती, की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

मी पुन्हा पुढे वळलो.

"त्याच्या गाडीत झोप लागली व्हती," शेठ म्हणाले. "हितं तिनं माझ्यासाठी डोळे मिटून घेतलेत."

त्यांनी गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली, तशी ती इंजिनाच्याच जोरावर सावकाश उतरू लागली. मागून एक एसटी आली, तिला हाताने पुढे जायला सांगितलं. मग एक जीप, तिलाही. घाट संपेपर्यंत त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही.