पहिल्या रांगेतला जबडा

"अहो, रातच्याला दात काहून खाता?" सुधाबाईंनी चहाचा कप पुढे सरकवत विचारलं. "कटकट, कटकट. मला वाटलं, कपाटात उंदीर शिरला."

उत्तर द्यायला भुजंगरावांनी तोंड उघडलं, तर कानाजवळ 'कट्ट' वाजलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. पंधरा दिवस हेच चाललं होतं. भाकरी मोडली की कळ, जांभई दिली की कळ, साहेबांना "हो सर" म्हटलं तरी कळ. शेवटी सुधाबाईंनी त्यांना जीपमध्ये कोंबून हिंगोलीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

अपर्णा डॉक्टरांनी दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली आणि तोंड उघडायला, मिटायला लावलं.

"दात ठीक आहेत. जबड्याचा सांधा दुखावलाय. रात्री दात खाता ना? कशाची काळजी आहे का?"

"काळजी कशाची?" भुजंगराव दाताआडून म्हणाले.

"बालाजीची," सुधाबाई म्हणाल्या.

आता हा बालाजी कोण, ते सांगायला हवं. गोरेगावात आणि आसपासच्या दहा गावांत लग्न निघालं की माईक भुजंगरावांच्या हातात, हा बावीस वर्षांचा रिवाज. शाळेतली कारकुनी पोटापुरती, खरा माणूस मांडवातला. आमच्याकडे अक्षता पडण्याआधी प्रत्येक वजनदार पाहुण्याचं नाव, गाव आणि हुद्दा माईकवरून पुकारून स्वागत करावं लागतं. नाव राहिलं तर पाहुणा न जेवता गाडीला किक मारतो आणि सोयरीक आंबते ती आंबतेच. कोण आजी, कोण माजी, कोणाचं नाव कोणाच्या आधी, हे सगळं भुजंगरावांच्या एका वहीत होतं. ती वही ते बायकोच्या हातीही देत नसत.

आणि या संक्रांतीनंतर मोबाइलच्या दुकानातल्या बालाजीनं एका हळदीच्या कार्यक्रमात माईक धरला. तीस वर्षांचाही नाही. कोणीतरी म्हणालं, "पोरगं बेस बोलतं." हे भुजंगरावांच्या कानावर गेलं आणि त्या रात्रीपासून दात सुरू झाले.

"तीन आठवडे भाषण बंद," डॉक्टर म्हणाल्या. "भाकरी नको, सुपारी नको. मऊ भात, वरण. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा. नाहीतर एखाद्या दिवशी जबडा उघडाच अडकेल."

आठच दिवसांवर गावातल्या शिवप्रसादच्या मुलीचं, राधिकाचं लग्न होतं, नरसीला. आठशे पाहुणे, दोन तालुक्यांचे पुढारी. शिवप्रसाद घरी आला तेव्हा भुजंगरावांनी घशावर हात ठेवला.

"घसा बसला," ते कुजबुजले. जबडा निखळतो असं कळलं तर पुन्हा माईक कोण देणार?

"असं व्हय! मग बालाजीला सांगतो."

भुजंगरावांनी दात खाल्ले आणि स्वतःच कळवळले.

दुसऱ्या दिवशी बालाजी आला. वाकून पाया पडला. "दादा, तुमची वही देता का? मला कोण कुठला ते बराबर माहीत न्हाई."

भुजंगरावांनी पुन्हा घसा दाखवला. वहीचा घशाशी काय संबंध, हे बालाजीला कळलं नाही. पण बिचारा "बरं दादा" म्हणून गेला. भुजंगरावांना त्या दिवशी मऊ भातही गोड लागला. पोरगं भर मांडवात तोंडघशी पडणार, आणि ते बघायला आपण पहिल्या रांगेत बसणार!

बसले. सुधाबाई शेजारी. बालाजी मांडवाच्या दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला नाव-गाव विचारत होता आणि तळहातावर लिहीत होता. वही नसलेल्याची ही दशा, असं मनाशी म्हणत भुजंगराव सावरून बसले. मग बालाजी माईकवर आला. पुढाऱ्यांची नावं घेतली, ठीकच घेतली. त्यानंतर तो म्हणाला, "सकाळी चारपासून चुलीपुढं उभे असलेले आचारी हिरासिंग, यांचं स्वागत! नवरीची आजी सत्यभामाबाई, गुडघे दुखत असून जीपमधून आल्या, त्यांचं स्वागत!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. सत्यभामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बावीस वर्षांत भुजंगरावांनी एका आजीचं नाव घेतलं नव्हतं, कारण आजीला हुद्दा नसतो. हे आपल्याला का सुचलं नाही? सुचलं नाही ते नाही, याला कसं सुचलं?

तेवढ्यात नशीब पावलं. बालाजी म्हणाला, "आपल्यात आले आहेत माजी सरपंच नरसिंगराव!"

चूक! नरसिंगराव माजी सभापती! भुजंगराव सुखावले. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं "सभापती!" ओरडण्यासाठी त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड सताड उघडलं.

कट्ट.

तोंड उघडलं ते उघडलंच. शब्द नाही, आवाज नाही, नुसता खड्डा. नरसिंगराव भाच्याच्या लग्नाबद्दल कोणाशी तरी बोलत होते, त्यांना आपला हुद्दा घसरल्याचा पत्ताही नव्हता. बालाजीनं मात्र पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि हात जोडले.

"मंडळी," तो माईकवर म्हणाला, "माझे गुरू भुजंगदादा माझं बोलणं तोंड उघडून ऐकून राहिले. याच्यापरीस मोठं बक्षीस कोणतं?"

आठशे माना वळल्या. नवरीचा मामेभाऊ श्रेयस व्हिडिओ काढत होता, त्यानं मोबाइल भुजंगरावांवर आणला. भुजंगरावांनी नकारार्थी हात हलवले; लोकांना वाटलं, शब्द सुचत नाहीत. डोळ्यांतून कळांचं पाणी वाहू लागलं. लोक म्हणाले, कौतुकाचं आहे. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली आणि मागच्या रांगांनी नेहमीप्रमाणे नवरा-नवरीवर न पोचणाऱ्या अक्षता उधळल्या. त्यांतल्या निम्म्या भुजंगरावांच्या तोंडात गेल्या.

"काय झालं वो?" सुधाबाईंनी घाबरून विचारलं.

"आऽ," भुजंगराव म्हणाले.

सुधाबाईंनी एका नजरेत ओळखलं. त्यांच्या तोंडावर उपरणं टाकलं आणि हाताला धरून मांडवाबाहेर काढलं. "गहिवरले हो," बायका हळहळल्या. हिंगोलीत डॉक्टरांनी दोन्ही अंगठे दाढांवर ठेवून जबडा खाली दाबला, मागे ढकलला, आणि जागेवर बसवला. त्याआधी तांदूळ काढले.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सेनगावपर्यंत पोचला होता. 'मन असावं तर असं' असं वर लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनी हात मिळवला. "भुजंगराव, आजकाल कोण कोणाचं इतकं कौतुक करतं?" जीपवाला पुढची सीट रिकामी ठेवू लागला. पोरी सेल्फी मागू लागल्या.

"खरं सांगून टाका," सुधाबाई म्हणाल्या.

"काहून सांगू? लोक मोठ्या मनाचा म्हणून राहिले, त्यांचं मन मोडू?" भुजंगराव दोन बोटांपुरतं हसले. आता झोप छान लागत होती. दात गप्प, जबडा गप्प.

महिन्यानं बालाजी आला. जरा सुकला होता.

"दादा, माईक तुमचा तुमी घ्या. कनेरगाव नाक्याला बुधवारी लग्न हाय."

"आन् तू?"

"मी बसतो समोर." बालाजी जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमाला म्हणून सांगतो, त्या व्हिडिओत लोकाइनं मला ऐकलंच न्हाई. समदे तुमचं तोंड बघून राहिले."

भुजंगरावांचं काळीज सुपाएवढं झालं. त्यांनी बालाजीला स्वतःच्या हातानं चहा दिला.

बुधवारी ते नवा फेटा बांधून, वही घेऊन माईकपुढे उभे राहिले. जबडा मोकळा, आवाज खणखणीत. पहिलं नाव पुकारलं, दुसरं पुकारलं, आणि त्यांना कळलं की एकही माणूस वर बघत नाही. पहिल्या रांगेत बालाजी आ वासून बसला होता. डोळे विस्फारलेले, हात छातीवर. पन्नासेक मोबाइल त्याच्याभोवती. कोणीतरी म्हणालं, "हे तं भुजंगरावापरीस बी मोठ्या मनाचं निघालं!"

भुजंगराव तिसरं नाव विसरले. माईक, टाळ्या, पोरानं घेतलं ते घेतलं. आता आपलं दुखणंही घेतलं? ज्यासाठी आपण महिनाभर वरण-भात खाल्ला, ते हा फुकटात करतो?

"बंद कर ते तोंड!" भुजंगराव माईकवर गरजले. "मंडळी, हा नाटक करून राहिला! याला काही झालं न्हाई! खरा जबडा माझा निखळला होता! डॉक्टरला विचारा! मी काय कौतुक करत न्हवतो, मी याची चूक काढायला तोंड उघडलं होतं! जळून राहिलो होतो मी, जळून!"

चारी दिशांच्या भोंग्यांतून ते नाक्यापलीकडेही ऐकू गेलं. सुधाबाईंनी कपाळाला हात लावला. आणि पहिल्या रांगेत बालाजीचं तोंड तसंच उघडं राहिलं, या खेपेला खरोखरचं.