केरूतात्यांचा परवाना

तमाम कुलूपबंद जनतेस कळवण्यात येते की, सिंगापुरात, तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर एक परवाना खाते चालू आहे. खात्यात माणूस एकच. संगमनेरचे केरूतात्या, वय पंचाहत्तर. यांनी जन्मभर एसटी स्टँडसमोर किल्ल्या बनवल्या. बायको गेल्यावर मुलगा संदीप त्यांना इकडे घेऊन आला.

कुलूपवाल्याकडे परवाना हवा, असं जग मानतं. तात्यांच्या मते तो दारापुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडे हवा. "गावाकडं मला कुणी लायसन मागितलं नाही. मग मीच कायदा केला. परीक्षेशिवाय कुलूप नाही."

एकदा मी किल्ली आत विसरून बाहेर अडकलो. तात्या आले, खिशातून दोन बारीक तारा काढल्या आणि खुशाल उभे राहिले.

"आत गेल्यावर उजव्या हाताला काय?"

"शू रॅक."

"त्याच्यावर?"

"चपला... असतील."

"नापास. सूनबाईंना फोन लावा."

बायको म्हणाली, "मनीप्लांट. चार वर्षांपासून आहे."

तात्यांनी डोळे मिटले, कुलपाला कान लावला, आणि मी फोन खिशात ठेवेपर्यंत दार उघडलं होतं. या शहरात मी मोठमोठे इंजिनिअर पाहिलेत. तोंडात बोट घालावं असा हा एकच.

गेल्या महिन्यात माझ्या सोळा वर्षांच्या, इथल्या पोरांसारखं इंग्रजी वाक्याला 'लाह'चं शेपूट जोडणाऱ्या रेवाचा निकाल लागला. ती खोलीत गेली आणि आतून लॉक करून बसली. दुपार झाली तरी जेवण नाही, आमच्या हाकेला ओ नाही. मी तात्यांना जवळजवळ ओढतच आणलं.

त्यांनी हलकेच टकटक केली. "पोरी, मी केरूतात्या. उघडू का?"

आतून आवाज आला, "नको."

तारा परत खिशात गेल्या. "परवाना नाही."

"अहो तात्या, मी बाप आहे तिचा. घर माझं आहे."

"खोली तिची आहे," म्हणत ते दाराशेजारी भिंतीला टेकून खाली बसले.

अर्ध्या मिनिटाचं काम त्या माणसाने दोन तास केलं नाही. मी येरझाऱ्या घालत होतो, ते नुसते बसून होते. मग दाराशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमचा संदीप दहावीला असाच कोंडून बसला होता. मी लगेच उघडलं. हुशारी दाखवली. त्यानंतर पोरगं कधी दार लावून बसलं नाही. मला कधी काही सांगितलंबी नाही. आता रोज विचारतो, तात्या, जेवलात का? तेवढंच."

माझ्या येरझाऱ्या थांबल्या.

आतून लॉक फिरल्याचा आवाज आला. डोळे सुजलेली रेवा दारात उभी. तिने आधी मला पाहिलं, मग खाली बसलेल्या तात्यांना, आणि म्हणाली, "तात्या, तुम्ही आत या. बाबा, यू वेट आउटसाइड लाह."