मदतनीस पालकाची हाक

शाळेच्या चिठ्ठीत 'मुक्कामी सहलीला मदतनीस पालक म्हणून येणार का?' असा प्रश्न होता, पुढे होय-नाहीच्या दोन चौकटी. मी 'होय'वर खूण केली. पोरांच्या काळजीनं नव्हे. पोरीच्या वर्गातल्या एका पोराचे वडील, विजयसिंहराव, येणार होते म्हणून. त्यांची पन्नास एकर बागायत. त्यांना मी तीन वर्षं सांगत आलोय की आमचीही उमापूरला शेती आहे, वडील बघतात. (शेती नाही. वडील आहेत आणि त्यांची मेंढरं आहेत.)

बायको, संगीता, म्हणाली, "घरातली एक पोरगी सांभाळनं होत न्हाई, तितं चाळीस सांभाळनार?"

वर्गाच्या मॅडमनी हे बहुतेक ऐकलं असावं, कारण मला एकच काम दिलं. शिट्टी. ती वाजली की पोरांनी गोळा व्हायचं.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माजलगावच्या धरणाच्या काठावर पोहे वाढून झाले, तोवर पोरं पाण्याकडं पांगली होती. मॅडम म्हणाल्या, "वाजवा शिट्टी." मी खिसे चाचपले. शिट्टी मुक्कामाच्या खोलीत, कालच्या पँटीत होती.

पोरं तर पाण्याच्या अगदी जवळ पोचलेली. माझी पाचावर धारण बसली. त्या घाबरगुंडीत मी जीभ टाळूला लावली आणि आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरांना घालायचे ती हाक घातली. वीस वर्षांत घातली नव्हती, पण अशी खणखणीत निघाली की स्वतःचंच कौतुक वाटलं.

पोरं आली नाहीत. बाभळींमागून शंभरेक मेंढरं आली आणि थेट पोह्यांत शिरली. मेंढरं बघायला मग पोरं धावत आली. (म्हणजे काम झालंच, पण हे मॅडमना पटवता आलं नाही.)

मागून काठी आपटत त्यांचा मालक आला, आप्पाराव नावाचा म्हातारा. "कोन हाय बे, माजी मेंढरं बोलावनारा?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. त्यानं मला निरखून पाहिलं. "ही हाक तर उमापूरच्या धुळाजीची हाय, म्या बी त्याच्याकडनंच शिकलो. तू त्याचा कोन?"

विजयसिंहराव सदऱ्यावरचे पोहे झटकायचे थांबले.

"ओळखीचे आहेत," मी म्हणालो.

"माझे आबा हायेत ते." माझी तेजश्री बोलली. सातवीतली पोरगी, काखेत कोकरू. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "गॅदरिंगला आबा येनार होते. तवा बी पप्पा म्हनले, त्यांना बरं न्हाई."

मला लाज वाटली. मेंढरांची नाही, माझीच. विजयसिंहरावांनी बसमधली माझ्या शेजारची जागा सोडली. तेजश्री घरी येईपर्यंत आणि नंतरही महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

यंदा पुन्हा चिठ्ठी आली. तेजश्रीनं ती स्वतःच भरली. मदतनीस पालक: धुळाजी. व्यवसाय: मेंढपाळ. नातं: आजोबा. मी चिठ्ठी दोनदा वाचली. तेवढ्यात तिनं पेन माझ्यापुढं धरला.

"सही करा."

मला वाटलं, चला, माफी मिळाली. तरी विचारलं, "माझी कावून?"

"आबांना सही येत न्हाई ना."